हात मोकळे ठेवून करायचंय काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तारकर्लीच्या स्कूबावर पानभर मजकूर होता, फोटो झकास होते, लिहिलंय पण बरं, फक्त खाली एक चौकट होती की आता पर्यटकाच्या मास्कलाच लाईट लावून मिळतो, त्यामुळे हात मोकळे राहतात आणि समुद्राखालचं सगळं लख्ख दिसतं. झालं. तेव्हापासून बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जण विचारतोच, "दादा, तो डोक्याचा लाईट नाय का तुमच्याकडे?" आणि नाही म्हटलं की तोंड असं करतात जणू आम्ही अजून कंदिलावर डायव्हिंग करतोय. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. मी देवबागचा, स्कूबा गाईड आहे, आणि अधूनमधून आमच्या मच्छीमारांच्या बोटींचं पाण्याखालचं काम पण करतो. पत्र लिहायची सवय नाही, लांबलं तर कापा पण अर्थ तेवढा राहूद्या.

आधीच सांगतो, डोक्यावरचा लाईट वाईट असं माझं म्हणणं नाही. माझ्या बॅगेत पण एक आहे. पण तो ज्याचे दोन्ही हात कामात अडकलेत त्याच्यासाठी आहे. पर्यटकासाठी नाही, हौशी डायव्हरसाठी पण नाही, आणि आपल्या मालवणच्या पाण्यात तर अजिबातच नाही.

पहिलं म्हणजे दिवसाढवळ्या लाईट लागतो कशाला, हा प्रश्न लोक विचारतात तो बरोबरच आहे. पाणी रंग खातं. लाल सगळ्यात आधी जातो, पाचेक मीटरवरच त्याचा जीव गेलेला असतो, दहा मीटरपर्यंत नारिंगी गायब, आणि अजून खाली पिवळा पण फिका पडत जातो. बाजारात जी तांबोशी लालभडक बघून तुम्ही भाव विचारता ती खाली दगडात बसलेली दिसली तर करड्या रंगाची दिसते, ओळखू पण येत नाही. तिच्यावर जवळून टॉर्च मारला की एकदम लाल पेटते, आणि पर्यटक रेग्युलेटर (श्वास घ्यायचं नळकांडं) तोंडात असताना पण "अरे" करून ओरडतो ते बुडबुड्यांतून ऐकू येतं. मजा आहे त्यात, नाही कोण म्हणतं. पण ही जादू चालते मीटर-दीड मीटरच्या आत, कारण तुमच्या टॉर्चचा उजेड पण त्याच पाण्यातून जाऊन परत येतो आणि जाता-येता दोन्ही वेळा त्याचा लाल रंग खाल्ला जातो. म्हणजे लाईट कपाळावर असू दे नाहीतर आणखी कुठे, लांबचा दगड काही रंगीत होणार नाही. "समुद्राखालचं जग लख्ख" हे जाहिरातीत ठीक आहे.

आता आपलं पाणी. हे मालदीव नाही, अंदमान पण नाही. एका बाजूला कर्ली नदी, दुसरीकडे गड नदी आणि कोळंबची खाडी, आमचं देवबाग तर नदी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूवरच वसलेलं. पाऊस संपला तरी नद्यांनी आणलेला गाळ खाली बसायला वेळ लागतो, आणि बसला तरी उधाणाला परत उठतो. पुनव-अमावास्येच्या आसपास भरती-ओहोटीचा ओढा जोरात असतो तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या दगडांवर हात लांब केला तर बोटं दिसतील न दिसतील अशी गत, आणि भांगाच्या दिवसात, म्हणजे अष्टमीच्या आसपास ओढा कमी असतो तेव्हा, वारा पडलेला असला की तेच पाणी एवढं निवळतं की आपलंच आपल्याला पटत नाही. त्यात थंडीत पाण्यात बारीक बारीक जीव भरपूर असतात, मासे येतात ते त्यांच्यामुळेच, पण नजर त्यांच्यामुळेच कमी होते. ज्याला आम्ही व्हिज म्हणतो, म्हणजे पाण्यात किती लांबचं दिसतं ते, ती आमच्याकडे चांगल्या दिवशी चांगली, बाकीच्या दिवशी राम भरोसे.

अशा पाण्यात डोळ्याच्या वर चार बोटांवर लाईट लावला तर काय होतं? आंबोली घाटात पावसाळ्यात धुकं असताना हाय-बीम टाकून बघा, तेच होतं. समोर पांढरी भिंत उभी राहते. पाण्यातला प्रत्येक कण तुमचाच उजेड उलटा तुमच्याच डोळ्यात फेकतो, कारण उजेड जिथून निघाला तिथेच डोळा बसलाय. तोच लाईट हातात घेऊन हात बाजूला, थोडा खाली लांब केला की कणांवरचा उजेड दुसरीकडे जातो आणि मासा दिसतो. फोटोवाले बघा, त्यांचे लाईट कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर असतात, खेकड्याच्या नांग्यांसारखे. हौस म्हणून नाही लावत ते, लेन्सच्या शेजारी लाईट ठेवला तर फोटोत नुसता बर्फ पडलेला दिसतो म्हणून. लेन्सला जे कळतं ते आपल्या डोळ्याला पण लागू आहे ना.

आणि सावलीचं कोणी बोलतच नाही. नजरेच्या रेषेतूनच उजेड गेला की सावल्या वस्तूच्या मागे लपतात आणि सगळं सपाट दिसतं, खडबडीत दगड पण भिंतीवर चिकटवलेल्या चित्रासारखा. आपल्याकडे दगडासारखा दिसणारा स्कॉर्पियन फिश आहे, पाठीवर विषारी काटे, हलत नाही, अंगावर शेवाळासारखं काहीतरी, तो ओळखायचा कसा तर त्याच्या कडेच्या सावलीवरून आणि डोळ्याच्या फुगवट्यावरून. बाजूने उजेड टाकला की पटकन कळतो. समोरून टाकला तर मला पण दोनदा बघावं लागतं, मग पहिल्यांदा खाली आलेल्या माणसाला काय कळणार, तो सरळ त्याच्यावर हात टेकेल.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. माणूस जिकडे बघतो तिकडे त्याचं डोकं वळतं, आणि खाली गेल्यावर पर्यटक सगळ्यात जास्त कुणाकडे बघतो, तर गाईडकडे. घाबरला की गाईडकडे, खूश झाला की गाईडकडे, कानात दुखलं की गाईडकडे. म्हणजे नेमकं जेव्हा मला त्याचे डोळे बघायचे असतात तेव्हाच माझ्या तोंडावर फोकस. मास्कच्या आतले डोळे मोठे झालेत का, पापण्या भराभर लवतायत का, नाकाजवळ पाणी साचलंय का, हे सगळं मला त्या काचेतून वाचायचं असतं, आमचं अर्धं काम तेच आहे, आणि समोर काय तर नुसता पांढरा गोळा आणि त्याच्या खालून निघणारे बुडबुडे. हाताने तो काय खुणावतोय ते पण दिसत नाही कारण हात उजेडाच्या खालच्या अंधारात. एकदा एका दुसऱ्या ग्रुपमधली बाई अशीच लाईट लावून आली होती, संध्याकाळ होत आलेली, पाणी हिरवं गढूळ, ती कानाकडे बोट दाखवत होती, कान दुखतोय म्हणून, आणि तिच्या गाईडला तिच्या लाईटमुळे ते दिसतच नव्हतं, त्याला वाटलं ओके करतेय, तो तिला अजून खाली नेतोय. मी बाजूला होतो म्हणून मला दिसलं. मी जाऊन त्याच्या खांद्यावर मारलं. वर आल्यावर ती रडत होती. कोणाचा बिझनेस होता ते सांगत नाही, गाव लहान आहे, आणि तो पोरगा कामाला वाईट पण नाही.

हातात टॉर्च असेल तर हा प्रश्नच येत नाही. खूण करायची तर टॉर्च आपल्याच छातीकडे वळवायचा, दुसरा हात त्या उजेडात धरायचा, समोरच्याला खूण साफ दिसते आणि कुणाच्या डोळ्यात काही जात नाही. लांबून बोलायचं असेल तर उजेडाचा गोल समोरच्याच्या पुढे तळावर फिरवायचा, सावकाश गोल म्हणजे ओके. आडवा सावकाश हलवला तर इकडे लक्ष दे. भराभर हलवला तर गडबड आहे, ये लवकर. जगभर हीच भाषा आहे, नाईट डायव्हच्या कोर्सला पहिली हीच शिकवतात. आता हेच सगळं डोक्याने करून बघा. ओके म्हणायला मान गोल फिरवायची? आणि माणूस नुसता इकडे तिकडे मासे बघत असला तरी लांबून बघणाऱ्याला वाटणार हा भराभर लाईट हलवतोय, मेला बिला की काय, मी पायातल्या फिन्स मारत धापा टाकत जायचं आणि साहेब मजेत फुलपाखरू मासा बघतायत. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा माणूस धावत जात नाही, आणि ती तिसरी वेळ खरी असू शकते.

बरं हात मोकळे राहतात म्हणजे नेमकं काय साधतं? करायचंय काय हातांनी? पहिल्यांदा डाईव्ह करणाऱ्याला आम्ही वर बोटीवरच शंभर वेळा सांगतो की हात छातीशी, कशाला हात लावायचा नाही, कान मोकळे करायला नाक दाबायचं आणि खुणा करायच्या, एवढंच हातांचं काम. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, एकोणतीस चौरस किलोमीटरच्या आसपासचं क्षेत्र, त्यातलं प्रवाळ आहे ते कसं टिकलंय आमचं आम्हाला माहीत, आणि मोकळा हात पहिला कुठे जातो तर त्या प्रवाळावर. मी तर म्हणतो पर्यटकाच्या हातात काहीतरी असलेलंच बरं. छोटा टॉर्च मनगटाच्या दोरीला बांधून दिला की तो दोन्ही हातांनी धरून बसतो, शांत राहतो.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो व्हिडिओ. कॅमेरेवाला समोर उलटा पोहत असतो, पर्यटक त्याच्याकडे बघून हात हलवतो, आणि कॅमेऱ्यात येतं काय, तर डोक्याच्या जागी ट्यूबलाईट आणि बाकी सगळं काळं, कारण कॅमेरा त्या उजेडाला बघून स्वतःचा एक्स्पोजर खाली आणतो. स्कूबाच्या वर लाईटचे वेगळे पैसे देऊन माणूस स्वतःचाच चेहरा घालवतो. हे कोणी पैसे घेताना सांगत नाही.

मास्कचं पण सांगायला हवं. मास्क चेहऱ्याला चिकटून राहतो तो पट्ट्याने कमी आणि पाण्याच्या दाबाने जास्त, वरच्या ओठापासून कपाळापर्यंत रबराची कड सगळीकडून सारखी बसायला लागते. एका बाजूला लाईट टांगला की ती बाजू ओढली जाते, डोकं वळवलं की मास्क थोडा सरकतो आणि मिशीच्या जागेतून पाणी झिरपायला लागतं (मिशीवाल्यांचं तर आधीच झिरपत असतं). ज्याला मास्कमधलं पाणी काढता येतं त्याला काही नाही, वरची कड दाबून नाकातून फुंकलं की झालं. पण ट्राय डाईव्हला (कोर्स न करता गाईडबरोबरची पहिली डाईव्ह) आलेल्याने ते एकदाच, गुडघाभर पाण्यात करून बघितलेलं असतं. नाकात पाणी गेलं की माणूस पहिली गोष्ट कोणती करतो तर मास्कच उपटतो, मग आमची धावपळ.

त्याहून वाईट जाळी. आपल्या किनाऱ्यावर दगडांना अडकून तुटलेली नायलॉनची जाळी आणि गळाच्या दोऱ्या किती आहेत ते वरून कळणार नाही. पाण्यात ती दिसत नाहीत, अंगाला लागल्यावर कळतात. कपाळावर वर आलेली काहीही वस्तू म्हणजे तिला अडकायला हुकच. हातातला टॉर्च अडकला तर सोडून द्यायचा, वरून दुसरा घेऊ. डोक्याला बांधलेला अडकला तर तुमचा मास्क त्या जाळ्याला बांधला गेला, आणि गाठ डोक्याच्या मागे, जिथे तुम्हाला स्वतःला दिसत नाही.

आता कोणीतरी लगेच थायलंडचं उदाहरण देणार, बोटीवर देतातच. २०१८ मध्ये थाम लुआंगच्या गुहेत बारा मुलं आणि त्यांचा कोच अडकले होते, त्यांना शोधून काढणारे ब्रिटिश डायव्हर हेल्मेटवर लाईट लावलेले सगळ्यांनी टीव्हीवर बघितले. बरोबर आहे. पण ते गुहेत होते, डोक्यावर दगडाचं छत, हेल्मेट लागणारच, हात दोरीवर, आणि पाणी एवढं चिखलाचं की उजेडापेक्षा ती दोरीच खरी वाट दाखवत होती. गुहेतल्या डायव्हिंगला एक मुख्य आणि दोन जादा असे तीन लाईट लागतात असा नियम आहे, आणि तिथल्या लोकांमध्ये पण मुख्य लाईट कुठे असावा यावर वाद आहेत. फ्लोरिडा-मेक्सिकोकडच्या गुहांमध्ये जाणारे बहुतेक मुख्य लाईट हाताच्या पंजावर घेतात, त्याला गुडमन हँडल म्हणतात, पंजाच्या मागे बसतं आणि बोटं पूर्ण मोकळी. युरोपातले बरेच जण हेल्मेटवर लावतात. म्हणजे हात मोकळे हवेत हीच अडचण असेल तर तिचा उपाय पण पंजावरच आहे, कपाळावर जायची गरज नाही.

मी डोक्यावरचा कधी लावतो ते सांगतो. बोटीच्या पंख्यात जाळं गुंडाळलं जातं, दोरखंड आणि नायलॉन इंजिनाच्या जोराने एवढं पिळून बसतं की दगड होतो, मालक वरून ओरडत असतो की भरती निघून चालली. तेव्हा बोटीच्या पोटाखाली जायचं, एका हाताने शाफ्ट धरायचा कारण लाट बोट वरखाली आपटवते, दुसऱ्या हातात सुरी, आणि कापायची जागा डोळ्यांपासून वीतभर लांब. खाली दिवसा पण अंधार असतो. तिथे टॉर्च धरायला तिसरा हात आणू कुठून? तिथे कपाळावरचाच हवा, आणि अंतर वीतभरच असल्यामुळे मधल्या पाण्यात कण तरी किती येणार, पांढरी भिंत होतच नाही. बोटीच्या तळाचे शंख-शिंपले खरवडताना पण तेच. बंदरात वेल्डिंग, पाईप वगैरे करणारे कमर्शियल डायव्हर असतात त्यांच्या हेल्मेटलाच लाईट आणि कॅमेरा असतो, वर बसलेला सुपरवायझर वायरवरून बघतो आणि बोलतो पण. त्यांना हाताच्या खुणा करायच्याच नसतात. आमच्या हौशी डायव्हिंगचं सगळं बोलणंच हातावर आणि डोळ्यावर, म्हणून फरक.

ऑनलाईन मिळणाऱ्या स्वस्त हेडलॅम्पबद्दल थोडं, कारण ते डोकेदुखीच झालंय. ट्रेकिंगचा हेडलॅम्प घेऊन येतात, वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणतात. डब्यावर आयपीएक्स ७ असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही शांत पाण्यात ठेवून. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो. आयपीएक्स ८ असेल तर कंपनीने किती मीटर लिहिलंय ते बघा, नुसता आकडा ८ बघून भुलू नका. आणि खरा डाईव्ह टॉर्च असला तरी सगळा जीव झाकणातल्या त्या एका काळ्या रबरी कड्यात, ओ-रिंगमध्ये असतो. आमच्याकडे वाळू, जिथे तिथे वाळू, टॉवेलमध्ये, बॅगेत, नखात. बॅटरी बदलताना ओ-रिंगवर एक कण किंवा एक केस राहिला तरी पाणी आत. मी सावलीत बसून, हात कोरडे करून, ती रिंग बोटाने पूर्ण फिरवून बघतो, दिसण्यापेक्षा बोटाला आधी लागतं, मग सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात, जास्त लावलं तर उलट कचरा चिकटतो. डाईव्ह झाली की गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, नाहीतर आतल्या मिठाचे खडे रिंग कापतात. बोटीवर चालू करून ठेवायचा नाही, यातले बरेच लाईट पाण्याने थंड राहतात असे बनवलेले असतात, हवेत तापतात. लिथियम बॅटरीत खारं पाणी शिरलं की आत गॅस होतो, दाब वाढतो, झाकण उघडताना उडू शकतं, म्हणून असा टॉर्च तोंडापासून लांब धरून उघडतात. ती वस्तू तुम्ही कानशिलाला बांधून फिरणार का, विचार करा.

रात्रीच्या डाईव्हचा विषय वेगळा आहे. तिथे लाईट लागतोच, आणि एक नाही दोन, मुख्य बंद पडला तर खिशात दुसरा पाहिजे. दुसरा छोटासा डोक्यावर बंद करून ठेवला तर माझी हरकत नाही, वर आल्यावर बोटवाल्याला दिसायला बरा. पण खाली चालू ठेवला की उजेडाला पाण्यातले बारीक किडे, अळ्या, काय काय गोळा होतं आणि ते सगळं तुमच्या ओठाभोवती आणि कानात वळवळतं. हातात टॉर्च असेल तर हात लांब करा, ती जत्रा तिकडे जाते. शिवाय पृष्ठभागावर टोळ मासा, तो लांब टोकदार चोचीचा, रात्री उजेडाला चमकून पाण्याबाहेर उडी घेतो, बाणासारखा, अशा उडीने माणसं जखमी झालेली आहेत. उजेड कपाळावर ठेवून पाण्यात तरंगत बसणं मला तरी नको. आमचे एक काका, आयुष्य रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) गेलं त्यांचं, स्कूबा म्हणजे काय ते कधी केलं नाही, ते बघून एवढंच म्हणाले, "डोक्यार बत्ती लावलंस तर मासो तुका बघतलो, तुका मासो दिसाचो नाय."

त्यांना तसंही लाईटचं नाव काढलेलं आवडत नाही. आमच्या किनाऱ्यावर एलईडी म्हटलं की भांडण होतं हे तुमच्या पेपरातच छापून येतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी लाईट लावून मासेमारी करायला बंदी घातली तरी रात्री लांबवर समुद्रात शहर वसल्यासारखा उजेड दिसला की रापणवाले चिडतात, आणि बरोबर चिडतात. एका माणसाच्या टॉर्चची आणि त्या बोटींची बरोबरी नाही करत मी, पण पाण्यात उजेड टाकला की पाण्यातल्यांचं वागणं बदलतं हे त्यांना आमच्यापेक्षा आधी माहीत होतं. झोपलेल्या माशाच्या तोंडावर उजेड धरून ठेवला तर तो बिचकून दगडावर आपटतो. हातातला टॉर्च बाजूला घेता येतो, बोटांनी झाकता येतो. आणि थंडीत कधी कधी लाटा निळ्या चमकतात ना, नॉक्टिल्युका म्हणतात त्या जीवाला, तसं पाणी असेल तर आम्ही लाईट छातीला दाबून पूर्ण अंधार करतो आणि हात हलवतो, बोटांमधून ठिणग्या उडतात. डोक्यावर लाईट असलेला एक जण जरी ग्रुपमध्ये असला तरी सगळ्यांचं ते दिसणं जातं, कारण त्याला बटण सापडेपर्यंत आमचे डोळे गेलेले असतात.

हे आत्ताच लिहायचं कारण निवती. निवती रॉकजवळ आयएनएस गुलदार ही नौदलाची निवृत्त नौका तळाशी बसवून तिथे पाण्याखालचं म्युझियम करायचा प्रकल्प सरकारने घेतलाय. चांगलं आहे, आमच्या पोरांना काम मिळेल. पण बोट म्हणजे खोल्या, जिने, दारं, आत अंधार आणि गाळ. तिथे लाईटची मागणी दहापट होणार आणि जो तो डोक्यावरचे लाईट विकत आणून भाड्याने देणार, हे मला आत्ताच दिसतंय. एकच फिन चुकीची मारली की तळाचा गाळ उठतो आणि अशा बंद जागेत कपाळावरचा लाईट चालू असेल तर माणसाला दार कुठे होतं ते पण कळणार नाही, सगळं दुधासारखं. आत जायला वेगळं ट्रेनिंग, दोरी, जादा लाईट लागतात, आणि पर्यटकाने आत जायचंच नाही. हे नियम लिहिणाऱ्यांनी लाईट कुठे बांधायचा याची एक ओळ टाकली तर बरं होईल. मेरीटाईम बोर्ड परवाने देतं, तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे शिकलेले शिक्षक आहेत, त्यांनी सगळ्या गाईडना एकदा बसवून हे सांगावं. नवीन कायदा नको आम्हाला, कागद भरून भरून जीव जातो.

पर्यटकांना एवढंच सांगणं, पैसे देण्याआधी विचारा की टॉर्च हातातला आहे का आणि मनगटाला दोरी आहे का. उन्हाचा दिवस, पाणी निवळलेलं, पाच-सहा मीटर खोली, अशा वेळी लाईटची गरजच नसते, एखादा टॉर्च गाईडकडे असला की पुरे, तोच तुम्हाला तांबोशी लाल करून दाखवेल. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही आणि कुणी घेऊ पण नयेत. आणि मास्कचा लाईट लावूनच खाली जायचं असा हट्ट असेल तर माझ्या बोटीवर येऊ नका, मी चहा पाजून परत पाठवीन.

आपला,
एक स्कूबा गाईड
देवबाग, ता. मालवण

(कृपया नाव छापू नये.)